कड्यावरची माकुडी, बंदरावरचा कायदा

१९९८ सालच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. रानातून गोळा करून परदेशी पाठवायला मनाई असलेल्या वनस्पतींची यादी तिच्यात होती. नोंदी २९. रक्तचंदन, सर्पगंधा, जटामांसी अशी मातब्बर नावे त्यांत होती, ज्यांच्या चोरट्या व्यापारावर टोळ्या पोसल्या जातात. आणि त्याच पंगतीत एक नाव असे होते, की न्हावाशेवा बंदरावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याने ते वाचून शेजारच्याकडे पाहिले असेल: शिंदळ माकुडी.

माकुडीला लाकूड नाही, सुगंधी तेल नाही, वैद्यांच्या बटव्यातही तिला मानाची जागा नाही. मांसल देठांची, कड्याच्या भेगेतून खाली लोंबणारी ही एक लहानशी वनस्पती. जगात ती फक्त महाराष्ट्रात उगवते आणि इथेही मोजक्याच कड्यांवर: जुन्नर-शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर. त्याच यादीत 'सेरोपेजियाच्या जाती' अशी आणखी एक नोंद आहे. ही म्हणजे आपली खरपुडी, अलीकडच्या बोलीत कंदीलपुष्प. गवतात हरवून जाणारी ही झाडे रक्तचंदनाच्या जोडीला जाऊन बसली कशी आणि तिथे बसल्याने त्यांचे भले झाले का, ते पाहण्यासाठी पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

मुंबई इलाख्यात त्या काळी वनस्पतिशास्त्र हे मुख्यतः डॉक्टरांचे आणि जंगल अधिकाऱ्यांचे काम होते. लष्कराला औषधे लागत, विलायतेहून ती मागवणे महाग पडे. म्हणून अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरांकडे पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग सोपवली गेली. जुन्नरजवळ हिवरे इथेही औषधी वनस्पतींची एक बाग होती. जंगले तुटली की झरे आटतात, असे गिब्सन सरकारला वारंवार लिहीत. १८४७ मध्ये ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्यांच्यानंतर ती जागा निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांच्याकडे आली. दोघांनी मिळून १८६१ मध्ये 'द बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा हा पहिला मोठा शास्त्रीय आढावा.

ग्रंथ छापून झाला आणि त्यात नसलेली एक वनस्पती हिवऱ्याच्या खडकांत डाल्झेल यांच्या समोर आली. निवडुंगासारखी दिसणारी, पण निवडुंगाशी नाते नसलेली माकडशिंगे दख्खनच्या माळावर पुष्कळ. त्यांना नाव घेण्याजोगी पाने नसतात, नुसते कोनदार मांसल देठ असतात. हिवऱ्याच्या या झाडाचे फूल त्याच घराण्यातले होते, देठही मांसल होते, पण पावसाळ्यात त्याला चांगली भरदार, गुबगुबीत पाने येत होती. संपूर्ण गटात असे दुसरे उदाहरण नव्हते. डाल्झेल यांनी त्यासाठी नवी प्रजातीच उभी केली आणि १८६५ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव दिले फ्रेरिया इंडिका. हीच आपली शिंदळ माकुडी.

या नावातले फ्रिअर म्हणजे सर बार्टल फ्रिअर, १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी यांनीच पाडायला लावली. आजच्या फ्लोरा फाउंटनला आधी यांचेच नाव द्यायचे घाटत होते. सातारचे राज्य खालसा झाले त्या सुमारास ते साताऱ्यात रेसिडेंट आणि मग कमिशनर होते. वरिष्ठांचे नाव फुलाला देण्याची त्या काळी रीतच होती, तिच्यात वावगे काही नाही. पण कारंजे फ्रिअर यांच्या हातून गेले आणि सज्जनगडाच्या कड्यावरचे एक झुडूप त्यांच्या नावावर राहिले, हा हिशेब मला आवडतो.

माकुडी उन्हाळ्यात पाहिली तर कुणी वळूनही बघणार नाही. पाने गळालेली, करड्या-हिरव्या रंगाचे करंगळी-अंगठ्याएवढे जाड देठ, काळ्या बेसॉल्टच्या भेगेत चिकटलेले. दोन-तीन दमदार पाऊस झाले की टोकांना पाने फुटतात. पावसाळा सरता सरता पानांच्या बगलेत फूल उमलते. रुपयाच्या नाण्याएवढे, पाच कोनांचे, काळपट तांबड्या रंगाचे, त्यावर पिवळे ठिपके आणि कडेला बारीक केस. हा सगळा थाट माश्यांसाठी असतो. पुढे त्याला शिंगांसारख्या जोडशेंगा येतात. त्या तडकल्या की रेशमी शेंड्या असलेल्या बिया वाऱ्यावर सुटतात. कड्यावरच्या झाडाची ही खरी अडचण आहे. बी उडते खूप, पण माती असलेल्या, शेळीचे तोंड न पोचणाऱ्या, दरड न कोसळणाऱ्या भेगेत जाऊन पडणारे त्यातले एखादेच.

एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांनी ही अडचण मनावर घेतली नव्हती. झाड उपटायचे, दाबून वाळवायचे, कागदावर चिकटवायचे आणि लंडनच्या क्यू उद्यानाला पाठवायचे, ही तेव्हाची अभ्यासाची पद्धत. जोसेफ हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या १८८३ मधल्या खंडात आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांच्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुऱ्या झालेल्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरामध्ये माकुडी नोंदली गेली. तेव्हापासूनच तिच्या ठिकाणांची यादी आखूड होती आणि ती आखूडच राहिली. त्या काळच्या संग्राहकांना आज चोर म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण दुर्मिळ वनस्पतीचा पत्ता छापायची सवय इथूनच लागली आणि तिची किंमत पुढच्या शतकात मोजावी लागली.

गावकरी या झाडांचे काय करत होते? खात होते. माकडशिंगाचे कोवळे देठ गुराखी पोरे मिठाबरोबर खात आली आहेत, खरपुडीचे कंद उकरून कच्चे किंवा भाजून खाल्ले जातात. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये कंदवाली खरपुडी शास्त्रात आणली तेव्हाच लोक ती खातात, अशी नोंद केली होती. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर मुंबई सरकारने पोटाच्या आगीत लोकांनी काय काय खाल्ले त्याची टिपणे जमवली. १८८६ मध्ये आलेल्या जे. सी. लिस्बोआ यांच्या इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींच्या ग्रंथात रानटी कंद, पाने आणि बिया यांची अशी मोठी जंत्री आहे. शेकडो वर्षे लोकांनी, रानडुकरांनी आणि साळिंदरांनी कंद उकरूनही खरपुडी टिकून होती, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुढे जेव्हा जेव्हा 'स्थानिकांमुळे झाड संपले' असा सूर निघतो, तेव्हा ती कामी येते.

विसाव्या शतकात वनस्पती हुडकून नोंदण्याचा वारसा मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजकडे आला. फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांनी पाचगणीच्या पठारावरून खरपुडीची एक नवी जात काढली. त्यांच्यानंतरचे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पॅनिश जेझुइट तर पुरंदरला इतक्या वेळा चढले, की त्या एका गडाच्या वनस्पतींवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९६२ मध्ये त्यांनी व एन. ए. इराणी यांनी मुंबई राज्यातल्या रुई-खरपुडीच्या कुळाचा आढावा घेतला. त्याच दशकात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे के. हेमाद्री जुन्नरचे डोंगर पालथे घालत होते. ढाकोबाच्या कड्यावरून त्यांनी सेरोपेजिया रोली ही नवी जात शोधली. सर्वेक्षणाच्या पुणे कार्यालयातले एम. वाय. अन्सारी यांनी तर या एका प्रजातीला आयुष्यातली कितीतरी वर्षे दिली. १९८४ मध्ये आलेली त्यांची पुस्तिका आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. भारतात खरपुडीच्या साठच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य भारताबाहेर कुठेही नाहीत. सह्याद्री हे त्यांचे माहेर.

खरपुडीचे वेड माणसाला का लागते ते फूल पाहिल्यावर कळते. खाली फुगीर कुपी, वर अरुंद नळी आणि टोकाला पाच पाकळ्या शेंड्यांशी जुळून केलेला पिंजरा. वासाने ओढलेली चिमुकली माशी पिंजऱ्यातून आत शिरते. नळीच्या आतले केस खाली तोंड करून असतात. उतरणे सोपे, चढणे अशक्य. माशी कुपीत धडपडत राहते आणि त्या धडपडीत परागांची एक गाठोडी तिच्या सोंडेला चिकटते. एक-दोन दिवसांनी केस कोमेजतात, फूल कलते आणि माशी सुटते, ती पुढच्या फुलात पुन्हा अडकायला. झाडाला तिचा जीव नको असतो, फक्त हमाली हवी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात आणि अमेरिकेत मांसल झाडे जमवणाऱ्यांच्या संस्था जोरात होत्या. फ्रेरियासारखे पानवाले, एकुलते एक झाड त्यांना हवे असणारच. १९५८ मध्ये गॉर्डन रोवली या इंग्रज तज्ज्ञाने तिला माकडशिंगांच्या कॅरालुमा या प्रजातीत हलवले. नंतर ती बुसेरोशियात गेली. नावांचा हा खेळ शास्त्रज्ञांनी खेळावा. हौशी लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की देठाचा एक तुकडा कोरड्या वाळूत खोचला की झाड तयार होते. त्यामुळे एकदा बाहेर गेलेले झाड तिथल्या काचघरांत वाढत राहिले. मूळच्या कड्यावर मात्र दरवेळी नवा माणूस नवा तुकडा तोडायला येत राहिला, कारण हौशी संग्राहकाला झाड चालत नाही, 'अमक्या गडावरचे' झाड लागते.

भारतात जाग आली ती १९८० च्या आसपास. वनस्पती सर्वेक्षणाने संकटग्रस्त वनस्पतींची पाहणी हाती घेतली. १९८७ ते १९९० या काळात एम. पी. नायर आणि ए. आर. के. शास्त्री यांच्या संपादनाखाली भारतीय वनस्पतींचे 'रेड डेटा बुक' तीन खंडांत निघाले. सह्याद्रीतल्या या झाडांची नावे त्या वेळेपासून धोक्याच्या याद्यांत स्थिरावली. पण याद्या आणि कायदा यांची गाठ पडतेच असे नाही. १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्यांदा वनस्पतींसाठी स्वतंत्र परिशिष्ट आले. त्यात सहा नोंदी होत्या: निळा आणि तांबडा वांडा, घटपर्णी, कुठ, बेडोमचा सायकस आणि लेडीज स्लिपर ऑर्किडे. सह्याद्रीच्या कड्यावरची माकुडी त्यात नव्हती. ती आली १९९८ च्या निर्यातबंदीच्या यादीत. म्हणजे झाडाचे रक्षण करायची जबाबदारी पडली ती बंदरावर आणि विमानतळावर. जिथे झाड उभे होते त्या कड्यावर या यादीचा शिपाई नव्हता.

आणि त्याच दशकात कड्याभोवतीचे जग बदलू लागले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येक खांबापर्यंत ट्रक न्यायला रस्ता लागतो आणि रस्त्यासाठी पठाराचा पातळ मातीचा थर खरवडला जातो. खरपुडीचा कंद त्याच थरात असतो. कोल्हापूरकडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. घाटरस्ते रुंद झाले, कडे उभे कापले गेले, मग ते कोसळू लागले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आंबेनळी घाट जागोजाग वाहून गेला. दरडी सह्याद्रीला नव्या नाहीत, माकुडी त्यांच्याबरोबरच जगत आली. पण मोजक्या भेगांत उरलेल्या झाडाला एक दरडही पुरते. त्यात उन्हाळ्यातले वणवे आणि जिथे माणूस पोचत नाही तिथे पोचणाऱ्या शेळ्या. गडसंवर्धनाच्या मोहिमाही इथे सांगायला हव्यात. तटात मुळे घालणारे पिंपळ-उंबर काढणे योग्यच, पण कोयता चालवणाऱ्याला पिंपळाचे रोप आणि माकुडी यांतला फरक कुणी दाखवलेला नसतो.

तुकडा तोडून नेणारा परदेशी हौशी माणूस खलनायक म्हणून सोयीचा आहे. माझ्या मते महाराष्ट्रात त्याने केलेले नुकसान जेसीबीच्या मानाने थोडे. पण ते नगण्य मात्र नाही. एका कड्यावर पाच-पन्नास झाडे असतील तर दहा जणांची हौस तो कडा रिकामा करते. जगात इतरत्र काय झाले तेही डोळ्यांसमोर आहे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रकड्यांवरची डडलिया ही गुलाबाच्या आकाराची मांसल झाडे आशियातल्या बाजारासाठी इतकी उपटली गेली, की २०२१ मध्ये तिथल्या राज्याला तिच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये इटलीत एका घरात चिलीच्या वाळवंटातले हजाराहून अधिक निवडुंग सापडले. त्यांतले आठशेच्या वर पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवले गेले. २०१९ नंतर आणि विशेषतः टाळेबंदीच्या काळात, घरोघरी कुंड्यांचा छंद बोकाळला तेव्हा दक्षिण आफ्रिकेतली कोनोफायटमची चिमुकली झाडे पोत्यांनी चोरीला गेली. आता तर मोबाइलवर फोटो टाकला, की त्याबरोबर ठिकाणही जाते. डाल्झेल यांना पत्ता छापायला लंडनचे नियतकालिक लागले होते.

दुसरा धोका पोटाच्या बाजूने आला. गुराख्यांनी खाल्ले की भूक मरते, हा माकडशिंगाचा गुण कंपन्यांच्या कानावर गेला. २००७ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेतल्या संशोधकांनी पन्नास प्रौढांवर दोन महिने या वनस्पतीच्या अर्काची चाचणी घेतली आणि कंबरेचा घेर व भूक कमी झाल्याचे नोंदवले. वजन घटवण्याच्या गोळ्यांच्या बाटल्यांवर कॅरालुमाचे नाव झळकू लागले. माकडशिंग तुलनेने मुबलक आहे, पण माळावरून पोती भरणाऱ्याला माकडशिंग कुठले आणि दुर्मिळ माकुडी कुठली हे ओळखता येतेच असे नाही. दोन्हींची गावठी नावेही कितीदा एकच असतात.

वाचवण्याचे काम याच काळात सुरू झाले होते. सातारा जिल्ह्यात शिरवळला नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्रात खरपुडीच्या दुर्मिळ जाती जमवून वाढवल्या गेल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या खरपुड्यांचा मोठा जिवंत संग्रह उभा केला. माकुडीची ऊतिसंवर्धनाने रोपे तयार झाली. झाड वाढवणे अवघड नाही, हे यातून सिद्ध झाले. कुंडीतले झाड मात्र कड्यावर परत नेऊन तिथे त्याची पिढी वाढवणे हे वेगळेच काम आहे, कारण तिथे ती माशी लागते, तो वारा लागतो आणि मुळात तो कडा लागतो.

जागाच वाचवायची असा एक प्रयत्न नाशिकजवळ झाला. २००६ मध्ये अंजनेरीच्या डोंगरावरून सेरोपेजिया अंजनेरिका ही नवी जात जाहीर झाली. तेव्हा ती दुसरीकडे कुठेच माहीत नव्हती. स्थानिक अभ्यासकांनी डोंगराच्या संरक्षणाची मागणी लावून धरली आणि २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यानंतर काही वर्षांतच डोंगरावर रस्ता न्यायचा प्रस्ताव आला, विरोध झाला. मग ब्रह्मगिरीशी जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव आला, त्यालाही विरोध झाला. राखीव क्षेत्राचा फलक लावला म्हणजे काम संपते असे नाही, एवढे अंजनेरीने दाखवून दिले.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकाला हे सगळे पश्चिमेकडचे वाटेल. माकुडी वर्ध्यात नाहीच. पण तिच्या कड्यांचा काळा दगड, दख्खनचा बेसॉल्ट, आर्वी-आष्टी-कारंजाच्या टेकड्यांपर्यंत येऊन पोचतो आणि कंदवाली खरपुडी विदर्भाच्या मुरमाड माळांवरही उगवते. हे माळ सरकारी कागदावर बहुधा 'पडीक' असतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्याचा भराव ज्या मुरमाचा, तो मुरूम अशाच टेकड्यांतून येतो. टेकडी खणताना तिच्यावर काय उगवत होते ते लिहून ठेवणारे कुणी नसते.

लिहून ठेवण्याची सोय मात्र कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी मिळून केलेली नोंदवही बंधनकारक केली. राज्यांनी चालढकल केली. शेवटी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, पुढे दरमहा दहा लाख रुपये दंड ठेवला आणि देशभर नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीत वड, पिंपळ, कडुनिंब असतातच. खरपुडी नसण्याचीच शक्यता अधिक, कारण ती फक्त पावसाळ्यात दिसते आणि वह्या भरल्या गेल्या मुदत संपता संपता, हिवाळ्यात.

तेव्हा येत्या भाद्रपदात आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही मागून घ्या. ती बघण्याचा हक्क गावाला आहे. माळावर गुरे चारणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाबांना किंवा आजीला बरोबर घेऊन एक फेरी मारा, खरपुडी, माकडशिंग जे सापडेल ते वहीत चढवा आणि मुरमाचा ठराव ग्रामसभेत आला की ते पान उघडून दाखवा. फोटो काढलाच तर ठिकाण लिहू नका, फोनमधले लोकेशनही बंद ठेवा.